चवथीआधीचा रंग आणि न्हाणीघरातले तीन डाग

पार्श्वभूमी

गोव्यातल्या फोंडा शहराला लागून असलेली एक तीन मजली सोसायटी. मधल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक, त्यांची पत्नी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात राहतात. मी सरांचाच जुना विद्यार्थी, आता इमारतींच्या दुरुस्तीची कामं पाहतो. म्हणून फोन मला आला. माणसं ओळखू येऊ नयेत एवढे तपशील बदलले आहेत. भिंतीबद्दलचे तपशील जसेच्या तसे आहेत.

न्हाणीघर मुलाच्या बेडरूमला जोडलेलं, पाच बाय सात फुटांचं. बाहेरची भिंत चिऱ्याची, बेडरूमकडची साडेचार इंची विटांची. सात फुटांपर्यंत फुलाफुलांच्या टाइल्स, त्यावर अडीच फूट रंगवलेला गिलावा, मग छत. गिझर बेडरूमकडच्या भिंतीवर, गरम पाण्याची लाइन त्याच भिंतीत गाडलेली. बाहेरच्या भिंतीला काचेच्या पट्ट्यांची खिडकी, तिच्या वरच्या भागात सहा इंची एक्झॉस्ट फॅन.

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. घरं मात्र आपण रंगवतो नेमकी त्याच दिवसांत, कारण चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येते. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास) बांधायच्या आधी भिंती स्वच्छ हव्यात, पाहुणे यायच्या आधी रंगाचा वास गेलेला हवा. फेब्रुवारीत कोरडी हवा असताना रंगाची आठवण कोणाला होत नाही. या घरातही जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रंगकाम काढलं. न्हाणीघरासाठी सुनेने गडद मोरपंखी निवडला. संध्याकाळी दुसरा हात झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला घरातली पहिली गरम पाण्याची आंघोळ.

सरांच्या मूळ गावच्या घरात न्हाणी मागच्या अंगाला होती, तांब्याचं भाण आणि खाली पेटती चूल. ती भिंत काळी होती, पण ओली कधी नव्हती, असं सर मला दोनतीनदा म्हणाले. खरंच आहे ते. रोजचा जाळ आणि कौलांच्या फटींतून जाणारी हवा असल्यावर ओल राहणार कुठे? फ्लॅटमधल्या न्हाणीला या दोन्ही गोष्टी नाहीत.

अडचण

रंगानंतर आठवड्याभरात भिंतीवर तपकिरी ओघळ दिसू लागले. चहा सांडून वाळावा तसे, वरून खाली, काही ठिकाणी चिकट. बेडरूमकडच्या भिंतीवर रंगाच्या पट्ट्यात आणि टाइलच्या सांध्यांत काळे ठिपके होते, आणि ती भिंत अधूनमधून अक्षरशः घामेजायची. छताच्या कोपऱ्यात, जिथून वरच्या मजल्याचा पाइप जातो तिथे, हाताच्या पंजाएवढा पिवळट डाग आणि त्याला गडद किनार. हा डाग दोन वर्षांपूर्वीचा. रंगाने झाकला होता, तो परत वर आला.

घराने या सगळ्याला एकच नाव दिलं, वरची गळती. वरच्या मजल्यावर एक वयस्क वहिनी बहुतेक वेळ एकट्याच राहतात, मुलगा बोटीवर असतो. सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला, आवाज चढले, आणि वहिनींनी जिन्यात सरांकडे पाहणं सोडलं. पेंटरला बोलावलं. त्याने मुकाट्याने ओघळांवरून आणखी एक हात फुकट मारून दिला. पाचव्या दिवशी ओघळ पुन्हा हजर, पहिल्यापेक्षा जास्त. मग काकींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, संडास साफ करायच्या ॲसिडने भिंत घासली. ओघळ गेले, पण टाइलच्या सांध्यांतलं सिमेंटही थोडं खाल्लं गेलं.

मी पोहोचलो तेव्हा चवथीला तीन आठवडे होते. सरांच्या हातात एका ठेकेदाराचा कागद होता. वरचं न्हाणीघर पूर्ण फोडून वॉटरप्रूफिंग, खर्च ६५,००० रुपये.

समोर असलेले पर्याय

सरांना लवकर होणारं काहीतरी हवं होतं. सगळ्यात लवकर होणारं म्हणजे पीव्हीसीच्या पट्ट्यांचं खोटं छत. एका दिवसात बसतं, डाग दिसेनासा होतो. याला मी सरळ नाही म्हणालो. त्या पट्ट्यांमागे ओल कोंडली की काही वर्षांत स्लॅबची सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे खाली येतात. डाग दिसत होता तो एका अर्थी उपकारच होता.

दुसरा पर्याय ऑइलपेंटचा, तिसरा छतापर्यंत टाइल्स लावण्याचा. दोन्हींत भिंतीला पाणी कुठून येतंय हा प्रश्न तसाच राहतो. चौथा ठेकेदाराचा. त्याने वरचं न्हाणीघर आतून पाहिलंही नव्हतं. खालून डाग बघून त्याने वरचा अंदाज दिला होता.

पाचवा पर्याय माझा. दोन आठवडे काही फोडायचं नाही, काही रंगवायचं नाही, फक्त बघायचं. सरांचा चेहरा उतरला. "अरे, चवथ तोंडावर आलीय आणि तू बघत बसणार?" मी म्हटलं, "सर, तुम्हीच शिकवलंत ना, आधी गणित नीट वाचा म्हणून." हे वाक्य मला पुढे चांगलंच महागात पडलं, कारण गणित अर्धवट वाचून पेन्सिल उचलणारा मीच निघालो.

काय केलं

पहिला तपकिरी ओघळ दहा मिनिटांत सुटला. ओला फडका फिरवला की तो साध्या पाण्याने निघत होता, बोटाला साबणासारखा बुळबुळीत लागत होता, खालचा रंग शाबूत होता. शिवाय तो चारही भिंतींवर जवळपास सारखा होता, आणि वरून गळणारं पाणी असं चारही भिंतींना वाटून येत नाही.

हा रंगातूनच येणारा पदार्थ. पाण्यात मिसळणाऱ्या इमल्शन रंगात साबणाच्या जातीची रसायनं असतात. रंगाचे कण पाण्यात नीट पसरून राहावेत म्हणून ती घातलेली असतात. कोरड्या हवेत रंग चटकन सुकतो आणि ती थरात अडकून राहतात किंवा हळूहळू निघून जातात. दमट हवेत थर ओलसर राहतो, ती पृष्ठभागावर येतात. वर वाफ बसली, थेंब झाला, की त्यात विरघळून खाली ओघळतात. गडद छटेत रंगद्रव्याबरोबर ही रसायनं आणखी जातात, म्हणून मोरपंखी भिंतीवर जास्त. रंगाच्या धंद्यात हे जुनं दुखणं आहे. अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेची ते तपासण्याची वेगळी चाचणीपद्धतही आहे, डी ७१९०. आपल्या पेंटरला ते कोणी सांगितलेलं नसतं. तो बिचारा खोटं बोलत नव्हता, त्याच्या रंगात भेसळही नव्हती. फुकट मारलेल्या तिसऱ्या हाताने भिंतीवर तीच रसायनं आणखी चढवली, एवढंच.

उपाय सोपा, साधं पाणी आणि स्पंज. पुन्हा आले तर पुन्हा पुसायचे. दोनतीन वेळांत संपतात. या घरात तीनदा पुसावे लागले. संपेपर्यंत नवा रंग नाही.

दुसऱ्या डागाने मला पाडलं. बेडरूमकडची भिंत घामेजते, त्याच भिंतीत गरम पाण्याची लाइन आहे. मी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घेतली, फूटभर चौकोन कापून त्या भिंतीवर चारही कडांनी टेपने चिकटवली, दुसरा चौकोन छताच्या डागावर. चाचणी सगळ्यांना माहीत असलेलीच आहे. फॉइलच्या बाहेरच्या अंगाला पाणी जमलं तर ते हवेतलं, भिंतीकडच्या अंगाला जमलं तर आतलं. संध्याकाळी लावली, सकाळी काढली. छताची फॉइल आतून ओली. भिंतीची दोन्ही अंगांनी कोरडी.

बाहेरून कोरडी, म्हणजे वाफेचं पाणी नाही. आतूनही कोरडी असली तरी ओलाव्याच्या यंत्राचा काटा त्या भिंतीवर वर चढत होता. यंत्राच्या दोन सुया भिंतीतल्या क्षारांनाही फसतात, हे मला माहीत आहे. माहीत असूनही मी म्हटलं, लाइनच झिरपत असणार, थेंबाथेंबाने. प्लंबर बोलावला. गिझरखालच्या दोन टाइल्स फोडल्या. आत पाइप धड, सांधा धड, वीट कोरडी ठणठणीत.

त्या फुलांच्या दोन टाइल्सचे तुकडे सुनेने सुपलीत भरले आणि जाता जाता म्हणाली, "भाऊ, हे रात्रपाळीला असले की भिंत दुपारी ओली होते. दिवसपाळीला असले की रात्री. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मुलगा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो. रात्रपाळीच्या आठवड्यात तो सकाळी येऊन, पडदे ओढून, एसी १८ वर लावून दुपारी तीनपर्यंत झोपतो. रात्री सून पंख्यावर झोपते. माझी फॉइल लागली होती ती रात्रपाळीच्या आठवड्यात, रात्री. एसी बंद असताना मी एसीची चाचणी घेतली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तापमानमापक आणि आर्द्रतामापक घेऊन गेलो. न्हाणीघरातली हवा २८ अंश, आर्द्रता ८८ टक्के. अशा हवेतलं पाणी २५.८ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. बेडरूममधला एसी बरोबर याच भिंतीवर वारा फेकत होता, मधे साडेचार इंच वीट. न्हाणीच्या बाजूने भिंत २४.५ अंश. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब धरतात, तसाच प्रकार. नवी फॉइल तासाभरात बाहेरून ओली झाली. आंघोळ कोणीही केलेली नव्हती.

आता गंमत अशी, की घरातले सगळे वर्षानुवर्षं एक सल्ला पाळत होते. ओल आहे ना, मग खिडकी उघडी ठेवा. जानेवारीत तो सल्ला बरोबर आहे. जुलैत खिडकीतून येते ती भरल्या पावसातली हवा, आणि आत एसीने गार केलेली भिंत तिची वाटच पाहत असते. उघडी खिडकी त्या भिंतीला पाणी पुरवत होती. एक्झॉस्ट फॅन त्याच खिडकीत, खालच्या पट्ट्या सताड उघड्या. फॅन हातभरावरून बाहेरची हवा ओढून परत बाहेर फेकत होता. न्हाणीतली वाफ जागच्या जागी.

बदल स्वस्त होते. एसी २५ वर आणि सोबत पंखा. पाती वर वळवली, वारा भिंतीवर थेट आदळू नये म्हणून. (केंद्र सरकारने २०२० पासून खोलीच्या एसीची सुरुवातीची सेटिंग २४ अंश ठेवायला लावली आहे ती वीज वाचावी म्हणून. न्हाणीघराच्या भिंती त्यांच्या डोक्यात नसणार, पण फायदा त्यांनाही होतो.) फॅनखालच्या काचपट्ट्यांवर ॲक्रिलिकचा तुकडा बसवला, उन्हाळ्यात काढता येईल असा. दाराच्या तळाशी दोन सेंटिमीटर फट केली. आता फॅन लागला की हवा बेडरूममधून येते, एसीने आधीच कोरडी केलेली. आंघोळीनंतर अर्धा तास फॅन, त्यासाठी टायमरचा स्विच. एसी २५ वर असताना भिंत २६.८ अंशांवर आली. थेंब थांबले.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. ती पाण्याने पुसली जात नाही, पातळ ब्लीचचा थेंब टाकला की काही मिनिटांत फिकी पडते. ओळखायची खूण तीच. ब्लीचच्या एका भागाला पंधरा भाग पाणी, हातमोजे, फॅन चालू, दहा मिनिटं ठेवून धुणं. पण याआधी भिंतीला ॲसिड लागलेलं होतं, म्हणून आधी दोन दिवस नुसत्या पाण्याने धुवायला लावलं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि पाच बाय सातच्या बंद खोलीत तो कोणाच्याही छातीत भरेल. काकींना हे सांगितलं तेव्हा त्या गप्पच झाल्या. मागच्या वर्षी त्यांनी दोन्ही एकत्र वापरून पाहिलं होतं आणि खोकत बाहेर आल्या होत्या.

उरला छताचा कोपरा. इथे मात्र पाणी खरोखर वरून येत होतं. पहिल्याच दिवशी मी डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढून तारीख टाकली होती. वहिनींकडे जाताना सर नको म्हणत होते, मी एकटाच गेलो. पहिलं वाक्य मी हे बोललो, "वहिनी, खालच्या तीन डागांपैकी दोन तुमचे नाहीत." त्या हसल्या नाहीत, पण दार पूर्ण उघडलं. ठेकेदाराचा कागद घेऊन गेलो असतो तर ते दार उघडलं नसतं, असं मला अजून वाटतं.

वर तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहायच्या होत्या, कारण प्रत्येकीची दुरुस्ती वेगळी. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्यावर खूण केली. सकाळी पाणी तिथेच, म्हणजे येणारी लाइन धड. मग नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीवरचं पाणी वाहून जायच्या वाटेचं, तोंड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या फडक्याने बंद करून जमिनीवर दीड इंच पाणी चोवीस तास उभं ठेवलं. फ्लॅटमधल्या न्हाणीची जमीन खोलगट स्लॅबवर विटांचे तुकडे भरून केलेली असते. त्या भरावात पाणी दडून राहतं आणि सावकाश उतरतं. म्हणून पाणी काढल्यावरही आणखी दोन दिवस थांबलो. पेन्सिलची रेघ ओलांडली गेली नाही. जमीन ठीक.

शेवटी ट्रॅपमधून दहा बादल्या पाणी सोडलं, त्यात खाण्याचा लाल रंग. तिसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन, कोपऱ्यात गुलाबी थेंब आहे. ट्रॅप आणि पाइप यांच्या सांध्याला चीर होती. वापरलं तरच गळणार, एरवी नाही. वहिनींनी स्वतःच आठवून सांगितलं, दोन वर्षांपूर्वी मुलगा सुट्टीवर दोन महिने घरी होता, तेव्हाच खालून पहिली तक्रार आली होती. एकट्या बाईच्या दोन तांब्यांनी जे गळत नव्हतं ते तेव्हा गळलं.

निर्णय अवघड होता तो वेळेचा. मुलगा चवथीला येणार, पाहुणे येणार, वापर वाढणार, गळती वाढणार. चवथीआधी फोडलं तर वरचं न्हाणीघर नेमकं सणात बंद. वहिनी म्हणाल्या, "चवथ होऊ दे, मग हवं तेवढं फोडा. तोवर आम्ही मागच्या न्हाणीत आंघोळ करू." सरांनी ते मान्य केलं, थोडं नाइलाजाने. त्या चवथीला त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने न्हाणीच्या छतावरची तारीख घातलेली पेन्सिलची रेघ पाहिली आणि हे काय म्हणून विचारलं. सरांनी कोणाला काय सांगितलं ते मला माहीत नाही.

विसर्जनानंतरच्या आठवड्यात मेस्ताने (गवंड्याने) वरच्या सहा टाइल्स उचलल्या. ट्रॅप नवा, पाइपभोवती न आकसणारं ग्राउट, त्यावर सिमेंट-पॉलिमरचे दोन हात, पुन्हा चोवीस तास पाणी उभं करून खात्री, मग टाइल्स परत. खर्च ११,००० रुपये. सर निम्मे देत होते, वहिनींनी घेतले नाहीत.

निकाल

दुरुस्तीनंतर तीन आठवडे डाग तसाच ओला. सरांचा रोज फोन. "काम फसलं म्हणायचं का?" एका टप्प्यावर त्यांनी पुन्हा त्या जुन्या ठेकेदाराला विचारलं. त्याने खालून स्लॅबला भोक पाडून साचलेलं पाणी काढायचं सुचवलं. हे काही ठिकाणी करतात, पण सळई कुठून गेलीय ते न पाहता ड्रिल लावायला माझी तयारी नव्हती. गळती थांबली तरी भरावातलं आधीचं पाणी उतरायला वेळ लागतो. पाचव्या आठवड्यात ओलीची कड पेन्सिलच्या आत सरकली, ऑक्टोबर संपता संपता कोपरा हाताला कोरडा लागला.

तिथला गिलावा मात्र लोणा लागून भुसभुशीत झाला होता. तो जानेवारीत खरवडला. वरची पांढरी खार कोरड्या ब्रशने झाडली, पाणी लावलं नाही, कारण पाण्याबरोबर ती परत आत मुरते. नवा गिलावा, महिनाभर उघडा. फेब्रुवारीच्या शेवटी क्षार सहन करणारा प्रायमर आणि रंग. मोरपंखीच, सुनेचा हट्ट. यावेळी पाच दिवस त्या न्हाणीत कोणी गरम पाणी घेतलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात तपकिरी ओघळ एकही नाही. छताचा कोपरा कोरडा. गिझरच्या मागे, जिथे फॅनची हवा पोहोचत नाही, तिथे ऑगस्टमध्ये काळे ठिपके पुन्हा आले, थोडे. हे पूर्ण यश नाही, आणि त्याचं कारण आकड्यांतच होतं. भिंत दवबिंदूच्या, म्हणजे त्या २५.८ अंशांच्या, एकाच अंशाने वर आहे. थेंब धरत नाही, पण भिंतीलगतची हवा नव्वद टक्क्यांच्या वरच राहते, आणि बुरशीला थेंब लागतोच असं नाही. पृष्ठभागावरची आर्द्रता ऐंशीच्या पुढे बराच काळ राहिली तरी तिचं भागतं. शिवाय मुलगा उकडलं की अजून एसी २० वर आणतो. सून आंघोळीनंतर रबरी वायपरने टाइल्स खाली ओढून घेते, तेवढ्याने बराच फरक पडतो.

काय वेगळं करता आलं असतं

रंगकाम फेब्रुवारीत काढता आलं असतं, पण हे मी कोणत्याही गोंयकाराला ऐकवून पाहिलंय, उपयोग होत नाही. चवथ ती चवथ. निदान न्हाणीघर तरी त्यातून वगळावं. ते जमत नसेल तर गडद छटा टाळावी आणि आठवडाभर आंघोळ दुसरीकडे करावी.

सोसायटीच्या बैठकीआधी कोणीतरी ओला फडका घेऊन भिंतीसमोर उभं राहायला हवं होतं. तीन डाग, तीन वेगळी कारणं, आणि भांडण एकाच माणसाशी, तेही दोन तृतीयांश विनाकारण. वहिनी आता सरांशी बोलतात, पण पूर्वीसारख्या नाहीत. ती दुरुस्ती माझ्या हातातली नव्हती.

आणि मी. फॉइल लावायच्या आधी मला एवढंच विचारायचं होतं, की भिंत ओली कधी होते. ती भिंत रोज पुसणारी बाई त्याच घरात होती, आणि मी सरांशी, मुलाशी, पेंटरशी, प्लंबरशी बोललो. आता कुठेही गेलो की पहिला प्रश्न, इथली फरशी कोण पुसतं? मग त्या माणसाकडून आठवड्याचं वेळापत्रक घेतो. पाळ्या, एसी, गिझर, वर कोण किती दिवस असतं. फॉइल त्यानंतर, आणि घर नेहमीसारखं चालू असताना. यंत्राचा काटा आणि फॉइल एकमेकांशी जुळत नसतील तर फोडायचं नाही, एवढं तर मला तेव्हाही कळायला हवं होतं.

फोडलेल्या दोन टाइल्सचा खर्च मी दिला. तसल्या फुलांच्या टाइल्स मी फोंड्यात शोधल्या, मडगावात शोधल्या, म्हापशाला एका गोदामातही विचारलं. ते डिझाइन कधीच बंद झालंय. गिझरखाली आता दोन कोऱ्या पांढऱ्या टाइल्स आहेत. सरांच्या नातीने त्यांतल्या एकीवर मार्करने फूल काढलंय. ते दर आंघोळीला थोडं थोडं पुसलं जातं आणि ती परत काढते.